रसायन अभियांत्रिकी की रासायनिक? आणि ‘केमिकल’ला शिव्या कशाला?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय: भाचीला बारावीनंतर केमिकल इंजिनिअरिंगला जायचंय. मराठीत तिला रासायनिक अभियांत्रिकी म्हणायचं की रसायन अभियांत्रिकी? शिवाय घरातली माणसं म्हणतात, ‘ही शाखा जुनी झाली, आता सगळं केमिकल बंदच होणार’, त्यात तथ्य आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर झटक्यात देतो. स्थापत्य अभियांत्रिकी, विद्युत अभियांत्रिकी, तशीच रसायन अभियांत्रिकी. खत रासायनिक असतं, अभिक्रिया रासायनिक असते. अभियांत्रिकी कशी रासायनिक असेल? ‘रासायनिक’ इतकं रुळलंय की आता ते उपटून निघायचं नाही. निघालं तर बरंच.

पण माझं डोकं उठतं ते ‘सगळं केमिकल बंद’ या बोलण्यानं. बेळगावच्या बाजारात हल्ली गुळाची ढेप दिसली की तिच्यावर ‘केमिकल फ्री’ची चिठ्ठी दिसतेच, आणि ज्याला मराठीचा फार पुळका तो ‘रसायनमुक्त गूळ’ लिहितो. संकेश्वरकडच्या एका गुऱ्हाळावर मी गुळव्याला विचारलं, रस कशानं साफ करता? म्हणाला, “केमिकल कुठलं वो सर, नुसता चुना आणि भेंडी.” आता चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो रसाचा आंबटपणा मारतो. भेंडीचा बुळबुळीत चिकट भाग मळ धरून वर आणतो, मग ती मळी झाऱ्यानं काढायची. याहून चोख रसायनविद्या कुठल्या प्रयोगशाळेत दाखवाल? लोकांचा राग असतो तो हायड्रॉसवर, गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून टाकतात त्या पावडरीवर. तो राग रास्तच आहे. मग चिठ्ठीवर ‘हायड्रॉस नाही’ असं लिहा की! सरसकट ‘रसायन’ला का वेठीला धरता? आणि हेच गिऱ्हाईक उन्हाळ्यात घरी केळ्याचं नाहीतर आंब्याचं रसायन, नारळाचं दूध आणि तोच गूळ घालून, वाटीवाटीनं ओरपतं. आमच्या सीमाभागात तर कानडी-मराठी दोन्ही घरांत त्याला रसायनच म्हणतात. वैद्यांच्या लेखी च्यवनप्राशही रसायनच. उद्या त्यालाही ‘रसायनमुक्त’ करणार काय?

‘केमिकल’ हा शब्द तरी कुठला परका? अरबी ‘अल्-कीमिया’ लॅटिनमार्गे युरोपात गेली, नंतर सुरुवातीचा ‘अल्’ गळाला आणि उरलेल्यातून केमिस्ट्री, केमिकल निघाले. तीच कीमिया फारसीमार्गे आपल्याकडं आली आणि ‘किमया’ झाली. म्हणजे स्वयंपाकात आजीची किमया आणि ढेपेवरचं केमिकल एकाच आईची लेकरं. एकीला ओवाळायचं, दुसऱ्याला दगड मारायचे.

अरबांनी हा शब्द ग्रीकांकडून घेतला, इथपर्यंत भांडण नाही. भांडण त्याच्या मागं आहे. एक पक्ष म्हणतो, इजिप्तच्या जुन्या नावावरून, म्हणजे ‘काळी माती’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला. हे मत लोकांना फार आवडतं, कारण त्यात पिरॅमिड आहेत, गूढ आहे, काळी जादू आहे. मला ते ऐकीव गोष्टीसारखं वाटतं. काळ्या मातीवरून विद्येचं नाव पडायचं तर आमच्या अथणीच्या रेगडीवरून का नाही पडलं? दुसरा पक्ष म्हणतो, मूळ शब्द ‘खुमेइया’, म्हणजे रस काढण्याची, ओतण्याची विद्या. ग्रीकमध्ये ‘खुमोस’ म्हणजे रस, आणि त्यामागचा धातू ‘खेओ’ म्हणजे ओतणं. जुन्या पोथ्यांत ‘खेमेइया’ आणि ‘खुमेइया’ अशा दोन्ही वर्तन्या सापडतात. पुढं ग्रीक उच्चारात ते दोन्ही स्वर ‘ई’ला जाऊन मिळाले, त्यामुळं घोळ पक्का झाला. मी दुसऱ्या पक्षाचा, आणि का ते सांगतो.

ग्रीक ‘ख’च्या जागी कित्येक शब्दांत संस्कृतात ‘ह’ येतो. ग्रीक ‘खेइमा’ म्हणजे हिवाळा, आपलं ‘हिम’. त्याच हिशेबानं ‘खेओ’चा संस्कृत भाऊ म्हणजे ‘हु’ धातू, जुहोति, म्हणजे अग्नीत ओततो. हे नातं भाषाशास्त्रज्ञ मानतात, माझ्या पदरचं नाही. त्या ‘हु’पासून होम, हवन, आहुती, हवि. तेव्हा खुमेइयाचा पक्ष धरला तर केमिकल आणि हवन हे चुलतभाऊ ठरतात! ‘केमिकल नको, होमहवन करा’ म्हणणाऱ्यांनी आता काय ते ठरवावं.

आणि ‘रसायन’ म्हणजे तरी काय? रस अधिक अयन. वैद्यकात त्याचा अर्थ उत्तम रसादी धातू मिळवून देणारा उपाय असा करतात. असेल. मला मात्र त्यातलं ‘अयन’ उत्तरायणातलं दिसतं: रसाची वाट. आणि म्हणून माझा जुना हट्ट आहे की ‘रसायन’ हा शब्द केमिस्ट्रीपेक्षा केमिकल इंजिनिअरिंगला जास्त शोभतो. उसाचा रस चरकातून निघतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, आटतो, गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून गोळी होते का बघतो, मग पाक निवायला वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतला जातो. ही वाट आखणं म्हणजेच ही विद्या. (जाता जाता: काहील, अंगाची काहिली आणि कानडीतलं ‘कायु’ म्हणजे तापणं, हे तिन्ही एका घरचे असावेत असा माझा तर्क आहे. कोशवाले डोळे वटारतील, वटारू देत.)

काहिलीत एक मोठा तोटा असतो. लाकूड-चिपाड जाळून काढलेली वाफ एकदा वर गेली की गेली. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर रिलिऊनं १८४३ आणि १८४६ च्या पेटंटांत युक्ती मांडली: पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवायला वापरायची, आणि दुसऱ्यात दाब कमी ठेवायचा म्हणजे तिथला रस कमी उष्णतेलाच उकळतो. तिसऱ्यात दाब त्याहून कमी. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत आजही याच तत्त्वावर रस आटतो. गंमत म्हणजे हा गृहस्थ पुढं पॅरिसला जाऊन इजिप्तची चित्रलिपी वाचायच्या नादी लागला. काळ्या मातीवाल्यांना एवढं एक समाधान.

त्या वेळी या विद्येला नाव नव्हतं. ते रूढ केलं मँचेस्टरच्या जॉर्ज डेव्हिसनं, १८८७ च्या व्याख्यानांतून आणि १९०१ च्या ग्रंथातून. डेव्हिस आधी इन्स्पेक्टर होता: सोड्याच्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर सुटे, तो ९५ टक्के तरी आत जिरवलाच पाहिजे असा १८६३ चा कायदा होता, त्याची तपासणी करणारा. म्हणजे ज्या शाखेला लोक प्रदूषणाची आई समजतात तिचं बारसं प्रदूषण रोखणाऱ्यानं केलं. १८८८ मध्ये अमेरिकेत एमआयटीनं अभ्यासक्रम काढला. १९१५ मध्ये तिथल्याच आर्थर लिटल या रसायनतज्ज्ञानं म्हटलं की साखर असो की सोडा, दळणं, उकळणं, गाळणं, ऊर्ध्वपातन (उकळून निघालेली वाफ थंड करून वेगळी धरणं) या क्रिया त्याच, मग त्याच शिकवा. मुंबईत विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी (आजची आयसीटी), १९३३ ला उघडला, शास्त्रज्ञ डॉ. माशेलकर तिथलेच.

‘रसायनशास्त्रच ना ते?’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: जर्मनीच्या फ्रिट्झ हाबरनं १९०९ मध्ये टेबलावर थेंब थेंब अमोनिया काढून दाखवला, ते रसायनशास्त्र. त्याच अमोनियाचा कारखाना करताना हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन भांडी फोडत होता. कार्ल बॉश या अभियंत्यानं आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, बाहेरच्या पोलादाला भोकं पाडली आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला उत्पादन सुरू केलं. ती अभियांत्रिकी. आपल्या उसाला पडणारा युरिया त्याच वाटेनं, अमोनियापासून, येतो.

राहिलं भविष्य. चिकोडी-रायबागकडं कारखान्यांना जोडून डिस्टिलऱ्या उभ्या आहेत. अल्कोहोल कितीही ऊर्ध्वपातन करा, वजनानं ९५.६ टक्क्यांवर अडतं, कारण तिथं पाणी आणि अल्कोहोल जोडीनंच उकळतात. पेट्रोलमध्ये २० टक्के घालायचं इथेनॉल त्याहून कोरडं लागतं, म्हणून वाफ बारीक छिद्रांच्या मण्यांतून सोडतात; पाणी त्या छिद्रांत अडकतं, इथेनॉल पुढं जातं. आणि आंबवताना हिशेबानं १८० किलो ग्लुकोजमागं ९२ किलो इथेनॉल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, जवळजवळ शुद्ध. तो धरायचा, विकायचा की त्यापासून दुसरं काही करायचं, आणि डिस्टिलरीचं काळं पाणी आटवायला लागणारी वाफ कुठून आणायची, ही कामं कुणी करायची? शाखा जुनी झाली म्हणे!

सीईटीचा फॉर्म भरताना भाचीला मराठी नावाची गरज पडणार नाही. गरज पडेल ती पास झाल्यावर गल्लीतलं मंडळ अभिनंदनाचा फ्लेक्स लावेल तेव्हा. तिथं हमखास ‘रसायनिक’ छापून येतं, जे धड रसायनही नाही आणि रासायनिकही नाही. छापायला जाण्याआधी तेवढं प्रूफ मागून घ्या, ताई.