वापरलेली मोटरसायकल विकताना : भाव, तयारी आणि व्यवहार

प्रश्न : गाडी सहा वर्षांची आहे. गेल्या वर्षी इंजिनचं काम केलं, बॅटरी बदलली, बराच खर्च झाला. तो धरून किंमत सांगितली की समोरचा लगेच फोन ठेवतो. भाव ठरवायचा तरी कसा?

तुम्ही किती घातले यावर गाडीचा भाव ठरत नाही. तेवढ्याच पैशांत दुसरीकडे कोणती गाडी मिळते, हे घेणारा बघतो. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

तेच मॉडेल, तेच उत्पादन-वर्ष (फार तर एक वर्ष मागे-पुढे) आणि तीच आवृत्ती, अशा ८-१० जाहिराती गोळा करा. आवृत्तीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एबीएस असलेली आणि नसलेली, कार्ब्युरेटरची आणि फ्युएल इंजेक्शनची, या एकाच नावाच्या गाड्या असल्या तरी भाव वेगळे असतात. प्रत्येक जाहिरातीपुढे किंमत, रनिंग, कितवा मालक आणि जाहिरात किती दिवस पडून आहे, हे लिहून काढा. सर्वांत महाग दोन आणि सर्वांत स्वस्त दोन बाजूला ठेवा. अगदी स्वस्त गाडीत बहुधा कागदांचा किंवा अपघाताचा घोळ असतो, आणि अगदी महाग गाडी नुसतीच पडून राहते. उरलेल्यांची मधली किंमत हा तुमचा पाया.

पण ही झाली मागितलेली किंमत. मिळालेली किंमत त्याहून कमीच असते. दहा-बारा दिवस त्याच जाहिरातींवर लक्ष ठेवा. आठवड्याभरात ज्या निघून जातात त्यांची किंमत खऱ्या भावाच्या जवळ असते. महिनाभर हलत नाहीत त्यांच्यावरून एवढंच कळतं की एवढे पैसे कुणी देत नाही.

आता तुमच्या गाडीवर या. मधली किंमत १०० धरा. चेन सेट संपत आलाय, त्याचा खर्च ४. मागचा टायर गेलाय, त्याचे ५. म्हणजे ९१ मिळावेत असं वाटतं, पण घेणारा ८७-८८ वर येतो, कारण खर्चाशिवाय वेळ आणि डोकेदुखी यांचेही तो पैसे कापतो. आणखी काय निघेल कोण जाणे, या शंकेचे कापतो ते वेगळेच. ही शंका जितकी कमी कराल तितका भाव टिकेल, मग गाडी कोणतीही असो.

इंजिनच्या कामाचंही तसंच आहे. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सील काय काय बदललं, किती रनिंगला बदललं, हे लिहिलेलं बिल असेल तर गाडी मधल्या किमतीच्या वरच्या अंगाला जाते. केलेला खर्च मात्र पूर्ण वसूल होत नाही. बिल नसेल तर ‘इंजिन खोललंय’ एवढंच समोरच्याच्या लक्षात राहतं आणि भाव उलट पडतो. जुनी बिलं शोधा, कामं केलेल्या गॅरेजकडून नक्कल मिळते का बघा. ती मेहनत वाया जात नाही.

शेवटी तीन आकडे कागदावर लिहा: मागायची किंमत, अपेक्षित किंमत आणि ज्याच्या खाली द्यायची नाही ती किंमत. मागणी अपेक्षेच्या ५ ते ७ टक्के वर पुरेशी आहे. १५-२० टक्के वर ठेवलीत तर घासाघीस करायलाही कुणी येत नाही. तिसरा आकडा पहिला फोन येण्याआधी लिहायचा, गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही. आणि एक बारीक गोष्ट: लोक शोधताना ‘अमुक रकमेपर्यंत’ अशी गोल मर्यादा घालतात. तुमचा आकडा त्या गोल रकमेच्या किंचित वर असेल तर ती सगळी माणसं तुमची जाहिरात बघतच नाहीत. तो किंचित खाली आणा.

प्रश्न : विकायच्या आधी टायर, चेन, सर्व्हिसिंग सगळं करून घ्यावं, की आहे तशी द्यावी?

सगळं नको. स्वस्त असून नजरेत भरतं ते करा. महाग पण ज्याची निवड प्रत्येकाची वेगळी असते ते सोडा.

करायची कामं: इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर साफ किंवा नवा, गेलेले बल्ब, न वाजणारा हॉर्न, वाकलेली लिव्हर, हलणारा आरसा, ब्रेक पॅड १.५-२ मिमीच्या खाली गेले असतील तर तेही. बंद पडलेल्या इंडिकेटरमुळे भाव मोडतो तो बल्बच्या किमतीमुळे नव्हे. जो माणूस बल्ब बदलत नाही त्याने ऑइल तरी वेळेवर बदललं असेल का, असं समोरच्याला वाटतं.

चेन तपासायची ती अशी. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चाकाच्या) अगदी मागच्या टोकाला चेन बोटांत धरून बाहेर ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन ताणलेली आहे. दातांची टोकं एका बाजूला वळून आकड्यासारखी झाली असतील तर स्प्रॉकेटही गेलं. अशा वेळी नुसती चेन बदलू नका, जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. बदलायचं तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम, नाहीतर तेवढी किंमत कमी करून तसं सांगून द्या. चेन ठीक असेल तर रॉकेलने किंवा चेन क्लीनरने धुऊन, पुसून, वंगण लावा आणि ताण बरोबर करा. किती ढिली हवी ते बऱ्याच गाड्यांवर स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं. रस्त्यावरच्या कित्येक गाड्यांना वर-खाली मिळून २० ते ३० मिमी चालते. घासलेल्या चेनला एका जागी ताण बरोबर आणि चाक अर्धं फिरवलं की भलताच वेगळा येतो. तो फरक जाणकार घेणारा लगेच पकडतो.

टायरच्या कडेला छोट्या चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात, ओल्या रस्त्यावर पकड सुटते. असा टायर जाहिरातीत ‘चांगला’ म्हणून लिहू नका. बदलायचाच झाला तर सर्वांत स्वस्त टायर चढवून ‘नवे टायर’ म्हणून मिरवू नका, घेणारा ब्रँड वाचतोच.

धुताना प्रेशर वॉशरचा झोत चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि वायरिंगच्या जोडांवर मारू नका. पाणी आत गेलं की दाखवायच्या दिवशीच गाडी मिसिंग मारते. टायरला चमक आणणारं सिलिकॉन तर अजिबात लावू नका. पहिल्याच वळणावर माणूस पडू शकतो.

प्रश्न : गाडी आठ महिने उभी आहे. चोक ओढल्याशिवाय सुरू राहत नाही. तशीच दाखवू का?

नको. ‘सुरू राहत नाही’ या एका वाक्याने किंमत जेवढी घसरते त्यापेक्षा दुरुस्ती बहुतेक वेळा स्वस्त पडते.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर तुम्ही सांगता ते लक्षण पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल पुरवणारी बारीक भोकाची नळी) तुंबल्याचं आहे. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि सर्वांत बारीक भोक आधी बंद होतं. म्हणून आयडलिंग धरत नाही, पण ॲक्सिलरेटर दिला की गाडी बरी चालते. वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून जुनं पेट्रोल काढा, जेट काढून कार्ब क्लीनर मारा, वर हवेचा दाब द्या. तारेने खुपसू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढा, त्यावरच नवं ओतू नका. टाकी रिकामी असतानाच आत टॉर्च मारून गंज बघून घ्या.

बॅटरी पूर्ण चार्ज करा, काही तास नुसती ठेवा, मग मोजा. नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना १० च्या खाली कोसळली तर ती संपली. गाडी सुरू करून आरपीएम वाढवल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे.

दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवा. डिस्क ब्रेकचं चाक अडकत फिरलं तर कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बहुधा जाम आहे. क्लच दाबून पहिला गिअर टाकताच गाडी झटका देऊन बंद पडली तर क्लच प्लेटा चिकटल्यात. इंजिन गरम झाल्यावर बऱ्याचदा त्या सुटतात. ऑइल मात्र बदलाच, गाडी चाललेली नसली तरी. मग आठ-दहा दिवस रोज थोडी चालवा आणि नंतरच जाहिरात द्या.

प्रश्न : वेगळा सायलेन्सर, क्रॅश गार्ड, मागचे बॉक्स, असं बरंच लावलंय. त्याचे किती वाढवून मागू?

जवळजवळ काहीच नाही. मूळ सायलेन्सर जपून ठेवला असेल तर तो परत बसवा आणि लावलेला वेगळा विका. दोन व्यवहारांत मिळून जास्त पैसे येतात. शिवाय मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही, त्यामुळे घेणारा बिचकतो. गार्ड आणि बॉक्स राहू द्या. त्यांचे पैसे वाढत नाहीत, पण सारख्या किमतीच्या दोन गाड्यांत तुमची आधी उचलली जाते. वायर कापून जोडलेले जादा दिवे मात्र काढून मूळ वायरिंग नीट करा.

प्रश्न : गाडी एकदा डाव्या बाजूला पडली होती. सांगावं का?

सांगा, आणि फोनवरच सांगा. लिव्हरचं टोक, हँडलचं टोक, फूटरेस्टची कड आणि इंजिनचं कव्हर, या चार जागा प्रत्येक जाणकार आधी बघतो. तिथले ओरखडे त्याला स्वतःला सापडले की तुमच्या पुढच्या एकाही शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. तेच तुम्ही आधी सांगितलंत तर विषय तिथेच संपतो.

त्याआधी नुकसान वरवरचंच आहे याची खात्री करून घ्या. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. हँडल जिथे अडतं तो फ्रेमवरचा स्टॉप वाकलेला किंवा चेपलेला दिसला तर मार जोरात बसलेला आहे. फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) नळ्यांवर तेलाची रिंग, म्हणजे गळती, दिसते का बघा. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर फ्रेम आणि चाकांची सरळ रेषा तपासून घेतल्याशिवाय विकायला काढू नका. वाकलेली फ्रेम लपवून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे, तिथे भावाचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : डीलर लगेच पैसे देतो, पण फार कमी. द्यावी का?

डीलरला दुरुस्ती, जागेचं भाडं, कागदांचं काम आणि नफा, सगळं त्याच फरकातून काढायचं असतं. त्यामुळे त्याचा भाव थेट विक्रीपेक्षा कमी असणारच, ती फसवणूक नव्हे. दोन-तीन डीलरांचे भाव घ्या आणि त्यातला वरचा तुमच्या अपेक्षित किमतीशी ताडून बघा. त्या फरकासाठी तीन-चार आठवडे फोन घेणं, गाडी दाखवणं, कागद करणं परवडत असेल तर थेट विका. घाई असेल किंवा गाडीत मोठं काम निघालं असेल तर डीलरच बरा.

प्रश्न : तीन आठवडे झाले, गाडी जात नाही. किंमत पाडू का?

आधी अडतंय कुठे ते बघा. फोनच येत नसतील तर किंमत किंवा फोटो. फोन येतात पण बघायला कुणी येत नाही, तर जाहिरातीत माहिती अर्धवट आहे. लोक येतात, बघतात आणि परत जातात, तर जाहिरात आणि गाडी यांत फरक आहे.

फोटो सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप कमी असताना काढा: दोन्ही बाजू, पुढून, मागून, मीटर, दोन्ही टायर, चेन आणि स्प्रॉकेट, शिवाय प्रत्येक ओरखड्याचा जवळून एक. नंबर प्लेट झाका. मजकुरात वर्ष, रनिंग, कितवा मालक, शेवटची सर्व्हिस कधी आणि किती रनिंगला, किल्ल्या किती आणि लवकरच करावं लागणारं काम कोणतं, हे लिहा. ‘एकदम टकाटक, बघाल तर घ्याल’ यातून काहीच कळत नाही.

हे सगळं करूनही दहा दिवस शांतता असेल तर किंमत एकदाच, डोळ्यांत भरेल इतकी, ५ टक्के खाली आणा. दर दोन दिवसांनी थोडीथोडी पाडली की बघणारा आणखी थांबतो.

प्रश्न : अनोळखी माणसाला चालवायला द्यायची कशी? पैसे आणि कागदांचं काय सांभाळायचं?

तो येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका. जाणकार माणूस आल्याआल्या इंजिनला हात लावतो आणि ते गरम असेल तर थंड असताना सुरू व्हायची अडचण लपवली, असं समजतो. थंड गाडी त्याच्यासमोर सुरू करा. सुरू करताना क्षणभर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील, चालताना सतत निळा आला तर रिंगा, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ थंड हवेत येऊन थांबली तर चिंता नाही.

चालवायला देण्याआधी त्याचा परवाना आणि ओळखपत्र बघा, फोटो काढून ठेवा, आणि दुसरा कुणी चालवत असताना तुमचा विमा लागू होतो का, हे आधीच विचारून घ्या. पूर्ण किंमत त्याने रोख तुमच्या हातात ठेवली तरच एकट्याने जाऊ द्या. त्याची स्वतःची गाडी आणि किल्ली तुमच्याकडे राहिली तरी पुरेसं नाही, ती चोरीची असू शकते. दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी भेटा आणि सोबत कुणीतरी असू द्या.

पैसे आले हे तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात बघा. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट किंवा आलेला मेसेज धरू नका. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ असं कुणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा. मोठी रोख रक्कम असेल तर बँकेत बसून मोजा आणि लगेच भरा.

गाडीवर कर्ज असेल तर ते फेडल्याचं पत्र घेऊन नोंदणीवरचा बोजा आधी उतरवा, जाहिरात नंतर. मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. विक्रीची पावती दोन प्रतींत करा. तिच्यावर दोघांची नावं, पत्ते, चासी नंबर, इंजिन नंबर, मीटरचा आकडा, रक्कम, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ, दोन्ही लिहा. वेळ का, तर त्याच संध्याकाळी दंड झाला किंवा अपघात झाला तर गाडी कुणाकडे होती हे त्या ओळीवरून ठरतं. नाव बदलेपर्यंत नोटिसा तुमच्याच पत्त्यावर येतात. म्हणून गाडी विकल्याची माहिती नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला स्वतः कळवा, पोच घ्या, आणि नवीन नावाने नोंद झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत ती पावती जपून ठेवा.