तुझ्या टिपणवहीविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अलीकडे वाचलेल्या पुस्तकांवरची तुझी टिपणे सावकाश वाचली. नावाजलेले पुस्तक मनाला भिडले नाही तर तसे लिहावे की गप्प बसावे, असे तू विचारले आहेस. अवश्य लिहावे. मात्र ते मत पुस्तकातल्या नेमक्या कोणत्या जागी तयार झाले, ती जागा वाचणाऱ्यापुढे ठेवावी. एरवी त्याला तुझ्याशी सहमत होता येत नाही आणि वादही घालता येत नाही.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’वरचे टिपण मला सर्वांत मोलाचे वाटले, आणि नेमके तेच तू बिचकत लिहिले आहेस. 1959 साली आलेल्या या कादंबरीमुळे मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले, त्यामुळे तिच्याविषयी आपण काय बोलावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगत असूनही तिघांची भाषा एकाच वळणाची, उपमांनी आणि सुविचारांनी लगडलेली आहे, हे तुझे निरीक्षण पुस्तकाच्याच आधारावर उभे आहे. आता देवयानीचे एक पान आणि शर्मिष्ठेचे एक पान शेजारी ठेवून नावे झाक, आणि कोण बोलते आहे हे ओळखू येते का ते पाहा. शर्मिष्ठा राजकन्येची दासी झाली, तरी तिच्या वाक्यांना त्याची झळ लागत नसेल, तर तसे स्पष्ट लिही. त्याच वेळी पुराणकथेच्या आडून आपल्या काळातल्या भोगलालसेविषयी बोलावे, हा खांडेकरांचा हेतू होता, याचीही दखल घे. तो हेतू कुठवर साधला हे तपासल्याशिवाय नुसते ‘भाषा जड आहे’ असे म्हणणे अपुरे आहे.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ या कादंबरीच्या बाबतीत मात्र माझे तुझ्याशी भांडण आहे. नायक पांडुरंग सांगवीकर नुसता कुरकुरत राहतो, म्हणून पुस्तक मध्येच मिटले, असे तू लिहितोस. पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे, आणि तू ते लपवले नाहीस हे मला फार आवडले. परंतु जेवढे वाचले तेवढ्यापुरतेच मत द्यावे. तू मनीच्या मृत्यूपर्यंत पोहोचलेलाच नाहीस. ही त्याची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते, तिथे पांडुरंगाचा तो तुटक, बेफिकीर सूर दुःखापुढे टिकत नाही. आधीची कुरकुर कशासाठी होती, हे तो भाग वाचल्यावरच ठरवता येईल. त्यानंतरही तुझे मत कायम राहिले तर मी त्याचा आदर करीन.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त कथानक नाही, ही तक्रार मला अर्धीच पटते. तिथे घटनांची साखळी नाही हे खरे, पण पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात आणि माणसे वाडी सोडून जातात, हा क्रमच तिला आकार देतो. आपल्याला हवे ते पुस्तकात नसणे आणि पुस्तकाने ठरवलेले त्याला न जमणे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवत जा. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वर तू चांगले लिहिले आहेस, 1939 साली मराठी कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर एका ज्यू निर्वासित मुलीला भेटते, याचे तुला वाटलेले आश्चर्य तसेच राहू दे.

ओळखीच्या लेखकाच्या नव्या पुस्तकावर लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा हात सर्वांत जास्त अडखळेल. अशा वेळी ओळख आहे हे पहिल्याच ओळीत सांगून टाक. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना पुस्तक संपल्यावर वाच, कारण त्यांतले शब्द आपल्याही नकळत आपल्या टिपणात उतरतात. वाचताना पेन्सिल जवळ असू दे आणि समासात पहिली प्रतिक्रिया जशी उमटली तशी नोंदव.

‘कोसला’ पुन्हा हाती घेतलेस तर त्या समासातल्या नोंदी मला पाठव. ‘ययाति’च्या टिपणात ती दोन पाने आली की ते कोणालाही दाखवायला हरकत नाही.

तुझा,
एक जुना वाचक