गोव्यात वई (हिरवं कुंपण) छाटल्यावर निघणाऱ्या पाल्या-फांद्यांचं काय करावं?

तुम्ही विचारलंय की म्हापशाच्या आसपास बंगल्यांची हिरवी कुंपणं छाटायचं काम नुकतंच सुरू केलंय, दर वेळी टेम्पोभर पाला निघतो, पंचायतीची गाडी तो उचलत नाही आणि जाळायची तुमची इच्छा नाही. तर मग हा माल मार्गी कसा लावायचा?

मी फोंडा तालुक्यात हेच काम करतो, म्हणून इथल्या मातीत आणि इथल्या पावसात जे चालतं तेच सांगतो. माझं मत ठाम आहे: टेम्पो भरायची वेळच येऊ देऊ नका. जिथे कापलं तिथेच जिरवा. आपली तांबडी, जांभ्याची माती सेंद्रिय द्रव्याला भुकेली असते, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिच्यावर कोसळतो. ज्या आवारातून दर छाटणीला पाला बाहेर जातो, तिथला मालक पुढे शेणखताच्या गोणी विकत आणतो.

पाल्याची पहिली जागा माडाचं आळं. मोठ्या माडाला वर्षाला 25 ते 50 किलो शेणखत किंवा हिरवा पाला द्यावा अशी शिफारस आहे, आणि जुन्या घराच्या आवारात चार माड तरी असतातच. बुंध्यापासून पावणेदोन मीटरपर्यंत गोल आळं करा. कोवळी छाटणी बुंध्यापासून वीतभर सोडून पसरा, तिच्यावर थोडी माती किंवा शेणकाला, आणि सगळ्यात वर माडाचीच वाळकी चुडतं (झावळ्या). चुडतं विसरलात तर पहिल्याच वाऱ्यात पाला शेजाऱ्याच्या अंगणात जातो. आपली जुनी माणसं पावसाच्या तोंडावर हेच करत आली.

जास्वंद, दुरांटा, गिरिपुष्प यांच्या ओल्या काड्या मात्र जून-जुलैत मातीवर पडल्या की मूळ धरतात. पाला ओरबाडून घ्या, काड्या पत्र्याखाली चांगल्या सुकवा, मगच आळ्यात टाका. गिरिपुष्पाचा पाला तर वेगळाच काढून ठेवा. सुक्या वजनाच्या तीनेक टक्के नत्र असतं त्यात. खताच्या ढिगात शेणाच्या जागी चालतो.

खरी कसोटी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी लागते. सगळ्यांना आवार एकदमच साफ हवं असतं, आणि नेमका तेव्हाच पाऊस धरलेला असतो. नत्राने भरलेला ओला पाला नुसता रचला की दोन-तीन दिवसांत चिकटतो, आत हवा राहत नाही, वास सुटतो. पावसाळ्यात खत होत नाही असं लोक म्हणतात ते यामुळे. होतं, पण त्याची तयारी फेब्रुवारीत करावी लागते. जानेवारीपासून काजू, आंबा, फणसाचा पातेरा (वाळका पाला) पडतो आणि घरोघरी सकाळच्या वेळी लोक तो पेटवून देतात. ते बघून माझा जीव तुटतो, कारण ऑगस्टच्या ढिगाला जो कर्ब कमी पडतो तोच हा. चांगल्या ढिगात नत्राच्या एका भागाला कर्बाचे 25 ते 30 भाग लागतात. घमेल्याच्या हिशेबात सांगायचं तर एक घमेलं हिरवा पाला, दोन घमेली पातेरा. गिऱ्हाइकांना आत्ताच सांगून ठेवा: पातेरा जाळू नका, गोणीत दाबून मांगरात (आवारातल्या खोपीत) ठेवा.

ढीग मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवाच. त्याहून लहान ढीग तापत नाही. खाली बोटाएवढ्या फांद्यांचा थर, वर पत्रा किंवा ताडपत्री, बाजू मोकळ्या. मधोमध एक लोखंडी सळी खुपसून ठेवा. सकाळी उपसून आतलं टोक हातात धरा. धरवत नसेल तर काम चाललंय; आत 55 अंशांच्या वर तीन-चार दिवस राहिले की रानमोडीसारख्या तणाचं बीही बहुतेक मरतं. सळी कोमट लागली तर ढीग उलटा. मूठभर माल पिळून बघा: एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पातेरा वाढवा.

माडाच्या मुलखात ढीग लावणाऱ्याने गेंड्या भुंग्याचा विचार केलाच पाहिजे. त्याची मादी कुजत्या पाल्यात आणि शेणखतात अंडी घालते, मोठा झालेला भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो. पुढे ते चुडत उघडतं तेव्हा कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी ढीग उलटायचा आणि जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचायच्या. कोंबड्या असतील तर त्याच वेचतात. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती ढिगात मिसळली की अळ्या रोगाने मरतात. उलटायला जायला जमणार नसेल तर त्या आवारात ढीग लावू नका, आळ्यांतच पातळ थर द्या. दुसऱ्याच्या माडांना कीड लावून देण्याचा आपल्याला हक्क नाही.

कण्हेर वेगळी बांधा. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, धूरसुद्धा. गुरांसमोर नको, चुलीत नको. ढिगाच्या पोटात घाला आणि ते खत फुलझाडांनाच द्या, भाजीला नको. पिठ्या ढेकणाने भरलेली जास्वंद काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून उन्हात तापवा.

मनगटाएवढ्या फांद्यांसाठी गावातल्या पोदेराला (पाव भाजणाऱ्याला) विचारा, लाकडाची भट्टी अजून असेल तर तो सुकलेल्या फांद्या घेतो (कण्हेर वगळून). फांद्यांचा भुसा करणारं चिपर मशीन एकट्याने घेण्यापेक्षा दोन-तीन माळ्यांनी मिळून घ्यावं. त्याचा भुसा वाटांवर छान बसतो, फक्त घराच्या भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी. साळगावचा कचरा प्रकल्प 2016 पासून आहे, पण तो ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करण्यासाठी. लाकडाला टणक करणारं लिग्निन तसल्या बंद टाकीत जवळजवळ पचतच नाही.

"पेटवून टाक रे" म्हणणारे गिऱ्हाईक भेटतीलच. त्यांना शांतपणे सांगा की बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवावा हे 2016 च्या घनकचरा नियमांतच आलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25000 रुपये दंड ठरवला. नाल्यात ढकलणं त्याहून वाईट, जूनमध्ये मोरी तुंबते ती त्यानेच.

दर सांगताना नेहमी दोन आकडे द्या: पाला आवारात जिरवून किती, बाहेर नेऊन किती. दुसऱ्यात टेम्पोचं भाडं, हमाली, उतरवायच्या जागेचा खर्च पुरता घाला; बहुतेक जण पहिला आकडाच धरतात. आणि कात्री हातात घेण्याआधी मालकासोबत आवारात फिरून ढिगाची जागा ठरवा. विहिरीपासून लांब, पाणी साचत नाही अशी, सावलीतली, आणि शेजाऱ्याच्या खिडकीखाली नाही.