‘पोन्नियिन सेल्वन २’ या सिनेमाच्या शेवटी चोळ राजपुत्र अरुळमोळी मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर का ठेवतो?

कारण चुलत्याचा, म्हणजे मधुरांतकाचा, हक्क खरोखरच मोठा होता. तो गंडरादित्याचा मुलगा, थोरल्या पातीचा. बाप वारला तेव्हा लहान असल्यामुळे गादी धाकट्या पातीकडे गेली: आधी अरिंजय, मग त्याचा मुलगा सुंदर चोळ. अरुळमोळी हा सुंदर चोळाचा धाकटा मुलगा. थोरला आदित्य करिकालन मारला गेल्यावर सगळे अरुळमोळीलाच राजा मानत होते, आणि तो राज्याभिषेकाच्या वेळीच मुकुट चुलत्याला देऊन टाकतो.

ही निव्वळ फिल्मी कल्पना नाही. तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात म्हटलंय की चुलत्याला राज्याची इच्छा आहे तोवर अरुळमोळीने ते नाकारलं. पण हा ताम्रपट त्याच्याच मुलाच्या, राजेंद्र चोळाच्या काळातला! घरचंच प्रशस्तिपत्र म्हणा ना. दुसरीकडे उडैयारगुडीचा शिलालेख आहे. करिकालनच्या मारेकऱ्यांच्या जमिनींचा निकाल त्यात लागतो, तोही अरुळमोळी राजराज म्हणून गादीवर आल्यानंतर. मधल्या काळात मधुरांतक ‘उत्तम चोळ’ म्हणून राज्य करत होता आणि तेव्हा हा निकाल लागला नाही, म्हणून काही इतिहासकारांचा संशय त्याच्यावरच जातो.

सिनेमा हा संशय फारसा चिघळू देत नाही. मधुरांतकाला पश्चात्ताप होतो आणि प्रश्न मिटतो. मला हे जरा सोयीस्कर वाटलं. मूळ कादंबरीत तर खरा मधुरांतक वेगळाच माणूस निघतो, ते वळण सिनेमाने गाळलंय. बाकी अरुळमोळीचं नुकसान काहीच झालं नाही, 985 मध्ये गादी त्याच्याकडे आलीच.