सेफ्टीत मास्टर्स करावं का?

*वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात २६ वर्षं कारखान्यांच्या सेफ्टी विभागात होत्या.*

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बी.ई. केमिकल, वय २७. लोटे एमआयडीसीत एका युनिटमध्ये तीन वर्षं प्रॉडक्शनला शिफ्ट इन्चार्ज आहे. गेल्या वर्षी रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमधून पावडर टाकताना भडका उडाला, एका हेल्परचे हात भाजले. आत टोल्युइन हे ज्वलनशील सॉल्व्हंट होतं. चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं कारण लिहिलं गेलं. शिफ्ट माझी, म्हणून खाली सही माझी. तेव्हापासून सेफ्टीतच जायचं डोक्यात आहे. चिपळूणचा एक एजंट म्हणतो, नेबॉश (सेफ्टीचं ब्रिटिश सर्टिफिकेट) करा आणि दुबईला जा. पुण्याचा दुसरा सांगतो, इंग्लंडला एक वर्षाचं एमएस्सी करा, सगळं धरून २८ लाख. बाबा म्हणतात, हातातली नोकरी सोडू नकोस. काय करू?
— एक वाचक, खेड

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सहीपाशी अडखळले. अशी एक सही माझीही आहे, १९९७ सालची. आमच्याकडे एका फिटरने लाइन रिकामी आहे असं समजून पाइपच्या सांध्याचा फ्लॅंज उघडला आणि अ‍ॅसिड अंगावर आलं. मी लिहिलं, ‘फेसशील्ड न वापरल्यामुळे’. त्यात खोटं काही नव्हतं, फेसशील्ड नव्हतंच. साहेबांनी कागद वाचला, मान हलवली, फाइल बंद.

सात वर्षांनी मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं एमएस्सी दूरशिक्षणाने करायला घेतलं. पहिल्याच असाइनमेंटला आपल्या कारखान्यातल्या एका अपघाताचं विश्लेषण मागितलं होतं. मी तोच अपघात दिला. पेपर परत आला तेव्हा समासात एकच ओळ होती : लाइन रिकामी आहे हे त्याला कुणी सांगितलं? मी जुन्या लॉगबुका काढल्या. आदल्या शिफ्टच्या पानावर लिहिलं होतं, ‘लाइनचं काम चालू’. काम कुठवर आलं, किती रिकामी झाली, काही नाही. फिटरने विचारलं असणार, कुणीतरी ‘हो, झालंय’ म्हटलं असणार. सात वर्षं मी त्या माणसाच्या तोंडावर काय नव्हतं एवढंच बघत बसले होते.

त्याच सत्रात पायपर अल्फा शिकवलं. उत्तर समुद्रातलं तेलाचं प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८ च्या रात्री १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि पाइपचं तोंड एका चकतीने तात्पुरतं बंद केलं होतं. पाळी बदलली, पण ही गोष्ट रात्रीच्या लोकांपर्यंत नीट पोचली नाही. रात्री दहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला, त्यांनी पहिला चालू केला आणि त्या तोंडातून वायू सुटून स्फोट झाला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या. त्यातली वर्क परमिटबद्दलची, म्हणजे दुरुस्तीआधी द्यायच्या लेखी परवानगीबद्दलची, पानं वाचताना मला पाताळगंगेची आमची कंट्रोल रूम दिसत होती. तीच वही, तेच ‘काम चालू’.

मग प्रबंधही पाळीबदलावरच केला. त्यात एक गंमत सांगते. जुन्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ मुळे बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबता येत नसे. म्हणजे सकाळी सातचा आणि दुपारी तीनचा पाळीबदल मी डोळ्यांनी पाहिला, आणि सगळ्यात धोक्याचा रात्री अकराचा कधीच नाही. तो मी दुसऱ्या दिवशी वहीतल्या अक्षरावरून ओळखायचे. घाईतलं अक्षर वेगळं असतं. आता नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत संमती आणि सोयी असतील तर बाईला रात्रपाळी करता येते. तुझा प्रबंध माझ्यापेक्षा पुरा होईल.

आता तुझ्या रिअ‍ॅक्टरकडे येऊ. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, ४ अंश सेल्सिअस. लोट्यात डिसेंबरच्या पहाटेसुद्धा तो ओलांडलेला असतो, म्हणजे मॅनहोल उघडलं की पेटायला तयार अशी वाफ तिथे असतेच. कोरडी पावडर पिशवीतून घसरत पडली की स्थिर वीज तयार होते. ठिणगी हेल्परने खिशातून आणलेली नसते. मग त्याच्या काळजीने किंवा निष्काळजीपणाने नक्की काय बदललं असतं? मास्टर्सच्या वर्गात हा अपघात मांडलास तर प्रश्न वरच्या टोकाकडून सुरू होतील. हे सॉल्व्हंट लागतंच का? पावडर आधी आणि सॉल्व्हंट नंतर, असा क्रम चालेल का? बंद होपरमधून पावडर टाकता येईल का? आत वाफ पेटू न देणारा नायट्रोजन आहे का, आणि मॅनहोल उघडं असताना तो टिकतो का? अर्थिंग शेवटचं कधी तपासलं? कामाची लेखी पद्धत त्यानंतर, आणि हातमोजे अगदी शेवटी. आपल्याकडच्या बहुतेक चौकश्या हातमोज्यांपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात, कारण हातमोजे स्वस्त असतात आणि होपरला खर्च मंजूर करून घ्यावा लागतो.

हे शिकायला इंग्लंडच हवं का? नाही. पण कागदांचा क्रम नीट समजून घे, एजंट तो उलटा सांगतात.

नेबॉशचं जे सर्टिफिकेट दुबईसाठी विकलं जातं, ते ब्रिटनच्या श्रेणीत लेव्हल ३ आहे. तिकडे ती साधारण आपल्या बारावीची पायरी. तू बी.ई. आहेस! कोर्स वाईट नाही. त्यात स्वतःच्या कामाच्या जागेचं धोक्याचं मूल्यमापन करायला लावतात, ते चांगलं असतं. आखातात तो मागतातही. पण त्याला ‘पोस्ट ग्रॅज्युएट’ म्हणून कुणी विकत असेल तर उठून ये. नेबॉशचाच इंटरनॅशनल डिप्लोमा लेव्हल ६, म्हणजे पदवीच्या तोडीचा. एमएस्सी लेव्हल ७.

महाराष्ट्रात कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर व्हायला वर्षानुवर्षं यातलं काहीच पुरलेलं नाही. आपल्या १९८२ च्या नियमांत इंजिनिअरिंगची पदवी, कारखान्यात पर्यवेक्षकाचा दोन वर्षांचा अनुभव आणि शिवाय सरकारमान्य औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका, असं मागितलं होतं. अनुभव तुझा झालाय. पदविका म्हणजे आपण ज्याला ‘एडिस’ म्हणतो ती, एक वर्षाची. मुंबईत शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटला करता येते, किंवा राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न संस्थांत. परदेशातून एमएस्सी घेऊन आलेली आणि एडिस नाही म्हणून ऑफिसरच्या जागेवर सही करू न शकणारी दोन मुलं माझ्या ओळखीत आहेत. त्यातला एक चाळिशीत शीवला वर्गात बसला.

नियमात आणखी एक अट होती : बहुसंख्य कामगारांची भाषा आली पाहिजे. माझ्या वेळी मराठीवर भागलं. तुझ्या मॅनहोलपाशी उभा असलेला हेल्पर बहुधा ओडिशाचा नाहीतर झारखंडचा असेल. हा विषय कुठल्याच एमएस्सीत नाही, तो तुलाच शिकावा लागेल.

नोकऱ्यांचं म्हणशील तर, जुन्या कायद्यात १००० कामगारांच्या कारखान्याला सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो आकडा ५०० वर आलाय, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. लोट्यातल्या छोट्या युनिटांत तेवढीही माणसं नसतात, पण महाड, तारापूर, पाताळगंगा धरलं तर जागा वाढतील. अर्ज करण्याआधी नवे नियम वाचून घे, एजंटाकडून ऐकू नकोस.

माझा सल्ला असा. आधी एडिस, जमलं तर कंपनीकडून रजा किंवा पाठबळ मागून. मग तीन-चार वर्षं सेफ्टीत घाल. त्यानंतर मास्टर्स, आणि तेही दूरशिक्षणाने चाललं तर उत्तम, कारण या विषयाची प्रयोगशाळा म्हणजे तुझा कारखाना आहे. पूर्णवेळच करायचं तर आपल्या देशात तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत औद्योगिक सुरक्षेचं एम.टेक. आहे. शिवकाशीच्या मेप्को श्लेंक कॉलेजात एम.ई. आहे. फटाक्यांच्या गावात सेफ्टीचा वर्ग, जागा तरी चुकलेली नाही. इंग्लंडला जायचंच तर आयओएसएच या तिथल्या व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेलाच कोर्स घे. २८ लाखांचं कर्ज काढून मात्र जाऊ नकोस. कर्जाचा हप्ता असलेला सेफ्टी ऑफिसर काम थांबवताना दोनदा विचार करतो. हे मी पाहिलंय.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. नोकरी इतक्यात सोडू नकोस. पण तो कागद बाहेर काढ, त्याला पुरवणी जोड, होपर आणि नायट्रोजनबद्दल दोन पानं लिही आणि प्लांट हेडला पोच घेऊन दे.

प्रश्न : मॅडम, मी चाकणला प्रेस शॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. गेल्या महिन्यात एका ऑपरेटरचं बोट मोडलं. दुसऱ्या दिवशी एचआरने घरी गाडी पाठवली आणि त्याला प्लास्टरसकट आणून टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवलं, ‘लॉस्ट टाइम’, म्हणजे कामाचा दिवस बुडवणारा अपघात, धरायला लागू नये म्हणून. गेटवरच्या बोर्डावर ‘अपघातविरहित दिवस’ पुढे चालूच आहेत. मी दूरशिक्षणाने सेफ्टी मॅनेजमेंटमध्ये एमबीए करतोय. प्रोजेक्टला हाच विषय घेऊ का?

उत्तर : त्या खुर्चीला आमच्याकडे ‘व्हीआयपी’ म्हणायचे. सकाळी पेपर, दुपारी पंखा, संध्याकाळी गाडी.

डॉक्टरने हलकं काम लिहून दिलं आणि माणूस खरोखर ते काम करत असेल, तर त्यात गैर काही नाही. तुमचा माणूस काय करतो? काहीच करत नसेल तर ती हजेरी आहे, काम नव्हे. आणि ज्या इजेमुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ काम करू शकत नाही, ती सरकारकडे कळवायची असते, खुर्चीने ती जबाबदारी टळत नाही.

या एका माणसावर प्रोजेक्ट करू नका. तो ओळखू येईल आणि तुम्हीही. आकड्यावर करा. फ्रिक्वेन्सी रेट कसा काढतात ते तुम्हाला ठाऊक आहेच : कामाचे दिवस बुडवणारे अपघात गुणिले दहा लाख, भागिले एकूण मनुष्यतास. समजा ४०० माणसं, वर्षाला प्रत्येकी २४०० तास. झाले ९ लाख ६० हजार. एक अपघात झाला की दर १.०४, नाही झाला की शून्य. म्हणजे एका बोटावर अख्ख्या वर्षाचा आलेख वर-खाली होतो. आता जिथे सरासरीने वर्षाला एक अपघात होतो असा कारखाना घ्या. काहीही न सुधारता निव्वळ नशिबाने एखादं वर्ष शून्य जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के येते. प्वासाँ वितरण तुमच्या संख्याशास्त्राच्या पेपरात असेल, स्वतः करून बघा. त्या शून्याला बक्षीस देणारे लोक बहुतेकदा योगायोगाला हार घालत असतात.

मग मोजायचं काय? फर्स्ट एड रजिस्टरमधल्या जखमा आणि तुमच्या विभागाकडे आलेल्या नोंदी जुळतात का ते तपासा. किती प्रेसवर दोन्ही हातांनी दाबायची बटणं चालू आहेत आणि किती ठिकाणी एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलंय ते मोजा. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बायपास केलेले मोजा, आणि कुठल्या पाळीत, उत्पादनाचं टार्गेट किती असताना, तेही लिहा. सुरू करण्याआधी कंपनीची लेखी परवानगी आणि विद्यापीठाची नीतिसमितीची मंजुरी घ्या. विषयाला ‘नोंदणी पद्धतीची विश्वासार्हता’ असं नाव द्या. एवढं कंटाळवाणं नाव असलं की एचआर दुसऱ्या पानापलीकडे वाचत नाही.

नोकरी जाईल का, याची हमी मी देऊ शकत नाही. तुम्ही कुणाला रिपोर्ट करता? प्रॉडक्शन हेडला असाल तर आधी ते बदलून घ्यायचा प्रयत्न करा.

प्रश्न : मी एमबीबीएस, महाडला दवाखाना आहे. दोन कारखाने आठवड्यातून दोनदा बोलावतात. वेगळं शिक्षण लागतं का?

उत्तर : शीवच्याच संस्थेत डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा एएफआयएच कोर्स आहे, तो करा. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात तो विचारतातच, आणि डेसिबल, धूळ, रक्तातलं शिसं या गोष्टी एमबीबीएसला ओझरत्याच झालेल्या असतात. तोवर एक करा. पहिल्या भेटीत ओपीडीत बसण्याआधी सेफ्टीच्या माणसाबरोबर अख्खा प्लांट चालून या, सेंट्रीफ्यूजपासून ईटीपीपर्यंत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करतात तिथपर्यंत. परत आल्यावर गेल्या वर्षभराचं फर्स्ट एड रजिस्टर मागा. ते लगेच टेबलावर आलं तर कारखाना बरा. तीन दिवसांनी नव्या कोऱ्या शाईत, एकाच हस्ताक्षरात आलं तर मला कळवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहू.