अंधारे, मुके आणि मिनिटांचे: ॲनिमेशन लघुपटांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शब्दांविना चालणाऱ्या, अंधाऱ्या वळणाच्या ॲनिमेशन लघुपटांवर एक टिपण होतं. त्यावर बरीच पत्रं आली. निम्मी ‘हे लोक बघतात तरी कशाला’ असं विचारणारी, तर निम्मी ‘आम्हीही करतोय, पण जमत नाहीये’ अशी. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

संवाद नाहीत, गोष्ट धड कळत नाही, शेवट वाईट. तरी माझा कॉलेजात जाणारा मुलगा रात्र रात्र हेच बघत बसतो. यात एवढं आवडण्यासारखं काय आहे? (मिरज)

एकच लघुपट नीट बघू, म्हणजे उत्तर सोपं होईल. १९८९ चा जर्मन ‘बॅलन्स’. ख्रिस्तोफ आणि वोल्फगांग लाउनस्टाइन या भावांनी तो बाहुल्यांवर केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. लांबी जेमतेम ७ मिनिटं. अधांतरी तरंगणारी एक चौकोनी फळी आणि तिच्यावर लांब कोट घातलेली, एकसारखी दिसणारी पाच माणसं. प्रत्येकाच्या पाठीवर एक आकडा. एक जण पुढे सरकला की फळी कलते, म्हणून बाकीच्यांना उलट्या बाजूला सरकावं लागतं. सगळे गळ टाकतात, एकाच्या गळाला जड पेटी लागते. पेटीतून संगीत ऐकू येतं आणि प्रत्येकाला ती हवीशी होते. मग एकेक जण खाली ढकलला जातो. शेवटी एका कोपऱ्यात उरलेला एकटा आणि समोरच्या कोपऱ्यात पेटी. तो हलला की फळी कलंडणार.

फळीचा नियम पहिल्या मिनिटात कळतो आणि शेवटपर्यंत एकदाही मोडला जात नाही. पण ही माणसं कोण, इथे कशी आली, आकडे कशाचे, यातलं काहीच सांगितलं जात नाही. नियम पक्का आणि कारण गायब, ही या लघुपटांची खरी पकड आहे. एखाद्या पात्राने ‘आपण इथे अडकलोय रे’ एवढं जरी म्हटलं असतं, तरी बघणाऱ्याला सोबत मिळाली असती. शब्द दिलासा देतात, तो इथे काढून घेतलेला असतो. अंधार, रक्त, सांगाडे हे वरचं सामान झालं. नुसतं तेवढं भरलेले लघुपट यूट्यूबवर ढिगाने सापडतात आणि दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत.

असे लघुपट पूर्व युरोपातच जास्त का झाले? (नाशिक)

‘तिथेच’ म्हणता येणार नाही, पण मोठा वाटा तिकडचा हे खरं. चेकोस्लोव्हाकियात बाहुल्यांच्या खेळाची परंपरा जुनी. त्यात स्टुडिओ सरकारी, त्यामुळे तिकीटबारीची चिंता नाही आणि एका लघुपटावर महिनोन्‌महिने घालवायची मुभा. मोबदल्यात सरकारी नजर.

यिरी त्रन्का यांचा १९६५ चा ‘द हँड’ बघा. एका साध्या कुंभाराला त्याच्या फुलझाडासाठी कुंडी घडवायची आहे. एक प्रचंड हात खोलीत घुसतो आणि ‘माझाच पुतळा कर’ म्हणून मागे लागतो. आधी लालूच, मग सोन्याचा पिंजरा. शेवटी कुंभार मरतो आणि तोच हात त्याची थाटामाटात अंत्ययात्रा काढतो. त्रन्का १९६९ मध्ये वारले, त्यानंतर हा लघुपट बंदीत गेला. संवाद नसले की सेन्सॉरला कापायला वाक्य सापडत नाही, असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वाक्य सापडलं नाही तर ते अख्खा लघुपटच कुलुपात घालत. यान श्वांकमायर यांचा ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’ (१९८२) बर्लिन चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम लघुपटाचं सुवर्ण अस्वल घेऊन आला, आणि मायदेशी मात्र कम्युनिस्ट पक्षाच्या समितीपुढे ‘असलं काही चालू द्यायचं नाही’ याचा नमुना म्हणून दाखवला गेला.

इतर देशांतही ही धाटणी भरपूर आहे. बेल्जियमच्या राऊल सर्वे यांच्या ‘हार्पिया’ला १९७९ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात लघुपटाचं पाम दोर पारितोषिक मिळालं. चिलीच्या ‘बेअर स्टोरी’मागे दिग्दर्शकाच्या आजोबांचं, लष्करी राजवटीत देशाबाहेर घालवलेलं आयुष्य आहे. २०१६ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं.

सात वर्षांच्या मुलीला दाखवू का? कार्टूनच तर आहे. (पनवेल)

आधी स्वतः शेवटपर्यंत बघा. ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, हा समज या प्रकारात पहिल्याच मिनिटाला खोटा ठरतो. मुलांना भीती बऱ्याचदा आवाजाने वाटते, म्हणून आवाज निम्म्यावर आणा, खोलीतला दिवा चालू ठेवा आणि झोपायच्या आधीची वेळ टाळा. ‘फादर अँड डॉटर’ (२०००) उदास आहे, पण भीतीदायक नाही. सुरुवातीला तो ठीक. ‘द सँडमॅन’ (१९९१) मात्र मुलगी मोठी होईपर्यंत बाजूला राहू द्या. त्यात मुलांच्या डोळ्यांचं जे होतं ते मोठ्यांनाही झेपत नाही.

मोबाइलवर बाहुलीचा तीन मिनिटांचा स्टॉप-मोशन (बाहुली जराजरा हलवत एकेक फोटो काढायचा आणि मग ते सलग चालवायचे) करतोय. प्रत्येक फोटो चांगला येतो, पण चालवून बघितलं की उजेड सारखा लुकलुकतो. ॲप बदललं, तरी तेच. (सातारा)

ॲपचा दोष नाही. लुकलुकण्याची कारणं चार-पाचच असतात, ती एकेक करून बाद करा.

पहिलं कारण खिडकी. ढग आला-गेला की उजेड बदलतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. खिडकी काळ्या कापडाने पूर्ण बंद करा, फटीसकट. दुसरं, फोनची स्वयंचलित सेटिंगं. प्रो किंवा मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) १०० किंवा त्याखाली, शटर (उजेड किती वेळ आत येतो), व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक) आणि फोकस हे चारही कुलूपबंद करा. एक जरी ‘ऑटो’वर राहिलं तरी बाकीची मेहनत पाण्यात. तिसरं, घरची वीज. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मिचमिचतो. शटर १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवलं की प्रत्येक फोटोत मिचमिचण्याची पूर्ण आवर्तनं बसतात. १/१२५ ठेवलंत तर कधी उजळ क्षण सापडतो, कधी मंद. बाहुली हलत नसल्याने अर्ध्या सेकंदाचं शटरही चालतं, आणि अंधाऱ्या दृश्याला तेच बरं. बाजूच्या खोलीत फ्रिज सुरू होताना दिवा मंदावत असेल तर पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी दिवा घ्या.

चौथं कारण तुम्ही स्वतः. पांढरा शर्ट घालून टेबलाभोवती फिरलात तर शर्टावरून परतणारा उजेड दर फोटोला वेगळा पडतो. गडद, बिनचमकीचे कपडे घाला आणि फोटो काढताना दर वेळी एकाच जागी उभे राहा. फोनला हात लावू नका, ब्लूटूथ रिमोट वापरा. चार्जरची वायर सुरुवातीपासून जोडलेली असू द्या, कारण मध्येच जोडायला गेलात की फ्रेम मिलिमीटरभर सरकते आणि ती परत जागेवर येत नाही. एअरप्लेन मोड लावा, पण मग ब्लूटूथ वेगळं चालू करायला विसरू नका.

चाचणी सोपी आहे. काहीही न हलवता २४ फोटो काढा आणि सेकंदाला १२ च्या वेगाने चालवा. हे दोन सेकंद चित्र दगडासारखं स्थिर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर बाहुलीला हात लावू नका. तीन मिनिटांना १२ च्या हिशेबाने २,१६० फोटो लागतात. इतके काढून झाल्यावर दोष सापडला तर संगणकात तो थोडाफार पुसता येतो, पूर्ण कधीच नाही.

अंधाराबद्दलही सांगायला हवं. अंधारं दृश्य म्हणजे कमी उजेडात काढलेलं दृश्य नव्हे. उजेड भरपूर घ्या, पण तो काळ्या पुठ्ठ्याने अडवून हवा तेवढ्याच भागावर पडू द्या. उजेडाच्या बाजूचं आणि सावलीच्या बाजूचं माप यांत तीन स्टॉपचा फरक ठेवा, म्हणजे आठपट. पार्श्वभूमीला काळा कार्डशीट नको, तो चमकतो. काळी मखमल उजेड गिळते. बाहुलीच्या मागून, वरच्या अंगाने एक बारीक दिवा लावा. कडेला उजेडाची रेघ आली की बाहुली अंधारातून सुटी दिसते.

माझ्या बाहुलीला हावभावच येत नाहीत. तोंडं बदलून बघितली तर ती विनोदी दिसायला लागली. (कोल्हापूर)

मग तोंड बदलू नका. त्रन्का यांच्या बाहुल्यांचे चेहरे रंगवलेले आणि कायमचे असत. मान किती कलली, दिवा कुठून आला, कॅमेरा खाली की वर, यावर तोच चेहरा घाबरलेला किंवा हट्टी दिसे. डोकं ५ अंश खाली आणि दिवा वरून असेल तर डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. तेवढ्यावर बरंच काम भागतं. दुसरं टोक म्हणजे कॅनडाचा ‘मादाम तुतली-पुतली’ (२००७). त्यात खऱ्या माणसांचे चित्रित केलेले डोळे बाहुल्यांच्या चेहऱ्यांवर बसवले आहेत. परिणाम अंगावर येतो, पण घरी करण्यासारखा नाही.

खरी अडचण हालचालीत असावी. संथ हालचाल सगळ्यात अवघड, कारण दर फोटोला मिलिमीटरभरच सरकवायचं असतं आणि अर्ध्या मिलिमीटरची चूकही थरथर म्हणून दिसते. त्यापेक्षा ८ ते १२ फोटो थांबा, मग ३-४ फोटोंत मान वळवा, पुन्हा थांबा. थांबलेल्या वेळात एकच फोटो पुन्हा पुन्हा चिकटवू नका. चित्रातले बारीक दाणे गोठतात आणि पडदा मेल्यासारखा वाटतो. दर वेळी नवा फोटो काढा, जमल्यास छातीपाशी केसभर श्वास द्या.

सांगाड्यासाठी २०-२५ सेंटिमीटरच्या बाहुलीला दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेचे दोन पदर पिळून घ्या. हाडाच्या जागी एम-सील लावा, सांधे मोकळे सोडा. गुडघ्याची आणि घोट्याची तार आधी तुटते, कारण एकाच जागी वाकून वाकून धातू थकतो. चित्रीकरणाआधीच एक जादा पाय तयार ठेवा. तळव्यात नट बसवून फळीखालून स्क्रू पिळला की बाहुली एका पायावरही उभी राहते. तेलाची माती मे महिन्यात दिव्याखाली मऊ पडते आणि बोटांचे ठसे घेते, म्हणून उन्हाळ्यात हातपाय कापडाचेच बरे.

संवाद नाहीत म्हणून पूर्ण लघुपटभर पियानो लावला. परीक्षक म्हणाले, ‘ध्वनी कच्चा आहे.’ (पुणे)

परीक्षकांचं बरोबर आहे. पियानो संवादाचंच काम करायला लागला, ‘आता वाईट वाटून घ्या’ असं सांगू लागला. तो पूर्ण काढा आणि लघुपट एकदा मुका बघा. मग खोलीचा आवाज टाका. रिकाम्या खोलीत रात्री दोन मिनिटं रेकॉर्ड केलेली शांतता (४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट) सगळ्याच्या तळाशी अंथरा. त्यावर पाऊल, कापडाची सळसळ, श्वास, बिजागरी. लहान बाहुलीला जड आवाज द्या, म्हणजे तिच्या जगाला वजन येतं. आवाज चित्रानंतर एखादी फ्रेम आला तर खपतो, आधी आला की लगेच खटकतो. भीतीसाठी खोल घुमणारा सूर वापरताना ध्यानात ठेवा, ४०-५० हर्ट्‌झचा सूर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. त्याच सुराचे वरचे, दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर मिसळा. संगीत हवंच असेल तर एकदाच, आणि ते नेमकं कुठे थांबवायचं हे आधी ठरवा.

लॅपटॉपवर सुंदर दिसणारा अंधार यूट्यूबवर चौकोनी डागांचा होतो. (ठाणे)

फाइलचा आकार लहान करताना (कॉम्प्रेशन) गडद भागाला सगळ्यात कमी माहिती मिळते, म्हणून डाग. सपाट काळी-करडी भिंत टाळा, तिला खरखरीत पोत द्या. शेवटी अगदी हलका ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, मिसळा. लघुपट १०८० चा असला तरी मोठा करून १४४० किंवा ४के मध्ये चढवा, यूट्यूब त्याला जास्त बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जास्त माहिती, देतं. काळा रंग एकदम तुटक दिसत असेल तर एक्स्पोर्टमध्ये ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ रेंजची (काळ्या-पांढऱ्याची मर्यादा ठरवणारी सेटिंगं) गल्लत झाली आहे का ते तपासा.

फिल्म क्लबात एक संध्याकाळ ठेवायची आहे. काय दाखवावं? (सोलापूर)

तासाभरापेक्षा जास्त नको, डोकं भरून जातं. ‘बॅलन्स’ने सुरुवात करा, मग ‘द हँड’, त्यानंतर ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’. शेवटी गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) ठेवा. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या राव यांचा हा १५ मिनिटांचा शब्दहीन लघुपट कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये गाजला. करड्या रंगाच्या फ्लॅटमध्ये एकटी म्हातारी आणि तिचं मांजर, आणि रंग फक्त काडेपेट्यांवरच्या चित्रांत. अंधार कमी आहे, पण एकटेपणा आधीच्या तिन्हींपेक्षा जवळचा. दोन लघुपटांमध्ये दोन मिनिटं अर्धे दिवे लावा आणि मध्ये कुणालाही अर्थ समजावून सांगू देऊ नका. ऑनलाइन फुकट बघता येणारा लघुपट जाहीर दाखवायलाही परवानगी लागते, हे आयोजकांना आधीच सांगा.

संवाद नसले की परदेशी महोत्सवांना सबटायटलशिवाय पाठवता येतं ना? (पणजी)

येतं. संवादयादीच्या रकान्यात ‘संवाद नाहीत’ असं लिहायचं. पण फ्रेममध्ये पाटी, चिठ्ठी, वर्तमानपत्र असेल आणि ते वाचल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसेल, तर ते शब्दच झाले, त्याचं भाषांतर द्यावं लागतं. लघुपट सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने बनवा, १२ च्या हिशेबाने फोटो काढले असतील तर प्रत्येक फोटो दोन फ्रेम ठेवून. २५ चा असेल आणि थिएटरसाठी २४ वर आणला, तर तो चार टक्के संथ होतो आणि सूरही उतरतो. संगीताचे हक्क लेखी घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीची रचना कुणालाही मोकळी आहे, पण इंटरनेटवरून उतरवलेलं तिचं वादन एखाद्या वाद्यवृंदाच्या मालकीचं असू शकतं, आणि महोत्सव तेच विचारतात.