डिसेंबरात न्यू जर्सीहून बफेलोमार्गे टोरांटोला गाडीने जातोय. बर्फात कधी चालवली नाही. अचानक हिमवादळ आलं तर काय करायचं?

मी बफेलोजवळ राहतो. आधी एक सवय मोडा. खंडाळ्याच्या धुक्यात आपण पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून रांगत जातो ना? पहिल्या हिवाळ्यात मीही तेच केलं. मागच्या ट्रकचा विचारच डोक्यात नव्हता. तो हॉर्न मारत आरशाला जेमतेम चुकवून गेला. घाटात सगळेच हळू असतात. इथे मागचा माणूस अजून कोरड्या रस्त्यावर शंभरच्या वेगात असतो.

कारण बफेलोला लागून असलेलं ईरी सरोवर. डिसेंबरात ते सहसा गोठलेलं नसतं. थंडगार वारा त्यावरची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर पट्ट्यापट्ट्याने बर्फ ओततो. पट्टा अरुंद असतो. अलीकडे चक्क ऊन आणि पलीकडे पांढरी भिंत! पेनसिल्व्हेनियात सरोवरापासून दूरही बर्फाचे असे अचानक झटके येतात. २८ मार्च २०२२ ला तिथे आय-८१ महामार्गावर ८० गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसं गेली.

म्हणून भिंतीत शिरायचंच नाही. फोनवर 'स्नो स्क्वॉल वॉर्निंग' (अशा झटक्याचा इशारा) वाजली की मिळेल त्या एक्झिटने उतरा, पेट्रोल पंपावर कॉफी घ्या. झटका बहुधा तासाभरात ओसरतो. सरोवराचा पट्टा मात्र तासन्‌तास हलत नाही. सापडलातच तर ब्रेक दाबू नका, अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप राखणारी सोय) बंद, दिवे लो बीमवर. बर्फ ढकलणाऱ्या प्लाउला ओलांडू नका.

गाडी रुतली तर गाडीतच बसा. मात्र सायलेन्सरच्या नळीवरचा बर्फ काढत राहा, नाहीतर विषारी वायू आत भरतो. इंजिन तासाला दहा मिनिटं, काच बोटभर खाली. डिसेंबर २०२२ च्या वादळात बफेलोत काही माणसं गाड्यांतच दगावली. ब्लँकेट, फावडं, पाणी, चिवडा डिकीत नको, हाताशी ठेवा. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी असेल तर आजच काढा, ते गोठतं.

वाटेतल्या सिराक्यूज शहरात थांबून बफेलोचा अंदाज बघा. पट्टा थ्रूवेवर (बफेलोकडे जाणाऱ्या महामार्गावर) असेल तर मुक्काम सिराक्यूजलाच. कुणी म्हणेल, आय-८१ ने सरळ वर जा, थाउजंड आयलंड्सच्या पुलावरून कॅनडात शिरा. त्या वाटेवर आँटॅरिओ सरोवराचा पट्टा असतो, आणि शेजारच्या टग हिल पठारावर बफेलोच्या दुपटीहून जास्त बर्फ पडतो.